सरड्याची धाव ‘परिवेश’पर्यंत

आमच्या घरी आधी पेटी आली. दोन फूट लांब, दीड फूट उंच, समोर सरकती काच, वर जाळी आणि जाळीला लटकवलेला एक दिवा. चिरंजीवांनी ती पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून मागवली होती. पहाटे पाच वाजता जळगावच्या आकाशवाणी चौकात उभं राहून ती उतरवून घेतली मी, कारण चिरंजीव झोपले होते. क्लीनरने विचारलं, “काका, फरसाणचं दुकान टाकताय का?” मी हो म्हणालो. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं.

नऊ वाजता चिरंजीव उठले आणि दात घासता घासता खुलासा झाला. “पप्पा, इग्वाना आणतोय.”

देवघरातून आईने विचारलं, “कोणत्या गावची?”

आईचं काही चुकलं नाही. मुलगा पंचविशीचा, नोकरी लागलेली, दोन वर्षांपासून स्थळं येताहेत. अशा वेळी घरात ‘आणतोय’ हे क्रियापद ऐकू आलं की वडीलधारी माणसं गावच विचारणार. मग चिरंजीवांनी मोबाइलवर फोटो दाखवला. हिरवंगार अंग, मानेखाली लोंबती झोळी, पाठीवर करवतीचे दात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला सरडा. मोठा झाला की शेपटीसकट पाच-सहा फूट भरतो. आईने फोटो नीट पाहिला, माळेचा मणी पुढे ओढला आणि म्हणाली, “सरड्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? मोरीमागे बघ.”

दिव्याचा प्रश्न मी काढला. तो उबेचा दिवा होता. सरपटणाऱ्या प्राण्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, म्हणून पेटीच्या एका कोपऱ्यात तापमान पस्तीस अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, असं मला समजावण्यात आलं. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ज्या गावात दुपारी बाराला नळाच्या पाण्यात चहा होईल की काय अशी शंका येते, त्या गावातल्या माणसाला ऊब विकत घ्यायला लावणारा विक्रेता मला एकदा डोळे भरून पाहायचा आहे. भुसावळच्या माणसाला तर त्याने शेकोटीही विकली असती. इथे इग्वाना ठेवायचा तर कूलर लागेल, कूलरला पाणी लागेल, आणि पाणी आमच्याकडे कधी येतं ते विचारू नका. बरं, हिवाळ्यासाठी दिवा ठेवू म्हटलं तर खानदेशाचा हिवाळाही भरवशाचा नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर आला की ती बातमी पहिल्या पानावर येते. थोडक्यात, इथे राहायचं तर सरड्याला वर्षातून दोनदा मरावं लागेल.

मी एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक टेबलावर बसलेला माणूस आहे. दारात कुणी उभं राहिलं की ‘या, बसा’ च्या आधी माझ्या तोंडून ‘कागद आणलाय का?’ येतं. तेव्हा इग्वानाबद्दल मी तेच विचारलं.

“कागद कसला? पाळीव प्राणी आहे,” चिरंजीव म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“विकणारा.”

इथून माझ्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा महिना सुरू झाला.

मला आधी वाटलं, आपल्या गावात सापांची, सरड्यांची काही कमतरता नाही, तेव्हा मुलाचा हट्ट स्वदेशीत भागवावा. म्हणून धुळ्याकडे फोन लावला. माझे मेहुणे धुळे तालुक्यात शेती करतात. पांझरेच्या काठी मळा, विहीर, बांधावर जुनी निंबाची झाडं. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काय सांगी राहिनात दाजी! तो खास काय?”

“पानं. भाजीपाला. फळं.”

“मंग बकरीच पाय ना भो!”

इथे बाहेरच्या वाचकांसाठी थांबतो. अहिराणीत आणि आमच्या जळगावकडच्या बोलीतही ‘ळ’ चा ‘य’ होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, तसा ‘पाळ’ चा ‘पाय’. त्यामुळे खानदेशात एखाद्याने साप पाळला की सापालाही पाय फुटतात. पुढे मेहुणे म्हणाले, “आम्हना मयामा घोरपडी मोप शेतस. एक ली जा फुकट.”

‘फुकट’ या शब्दाने मी सावध झालो. फुकट घोरपडीची खरी किंमत अशी: बंगाली घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदोपत्री ती वाघाच्या पंक्तीला बसते. तिला पकडणं म्हणजे शिकार. मारायलाच पाहिजे असं नाही. जाळं टाकलं, पोत्यात घातलं, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून दंड किमान पंचवीस हजार. शिवाय पकडलेली घोरपड सरकारची मालमत्ता होते. आयुष्यभर मी सरकारी मालमत्ता सांभाळली. टेबल, खुर्ची, कुलूप न लागणारं कपाट. सरकारी घोरपड घरी नेण्याची हिंमत माझ्यात नव्हती. मेहुण्यांना मी सांगितलं, तिला तिथेच राहू द्या, आणि तिच्याबद्दल फोनवर बोलू नका.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं का? जी घोरपड शेकडो पिढ्या आपल्या बांधात राहते, उंदीर खाते, जिच्या दोराने म्हणे सिंहगड चढला गेला, जिचं नाव मराठ्यांच्या एका मोठ्या घराण्याने आडनाव म्हणून मिरवलं, ती घरात आणली तर तुरुंग. आणि मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या झाडांवर लोळणारा, आपल्या एकाही पूर्वजाने न पाहिलेला इग्वाना मात्र अर्ज भरून ठेवता येतो. चिरंजीवांना हा अन्याय वाटला. मला वाटला नाही. पाहुण्याची नोंद वहीत करायची आणि घरच्या माणसाला त्याच्या जागेवरून हलवायचं नाही, ही पद्धत आमच्या कचेरीतही होती.

मांडुळाचा किस्सा इथेच सांगून टाकतो. त्याच आठवड्यात मेहुण्यांकडे मोटरसायकलवरून दोन तरुण आले. पिशवीत मांडूळ. मांडूळ म्हणजे आपल्या कोरड्या मातीत राहणारा, बिनविषारी, आळशी आणि अत्यंत सभ्य साप. शेपटी बोथट, डोक्यासारखी दिसणारी. शत्रूला कुठून चावा घ्यावा ते कळू नये म्हणून. एवढ्या एका सोयीपायी लोकांनी त्याला दुतोंड्या ठरवलं आणि नंतर त्याच्या नावावर पैशांचा पाऊस, गुप्तधन, परदेशातली औषधं असं काय काय चढवलं. किंमत वजनावर. तरुणांनी मेहुण्यांना लाखांच्या भाषेत भाव सांगितला आणि वर म्हणाले, पार्टी मुंबईची आहे, आम्ही फक्त मध्ये आहोत. मांडुळाच्या धंद्यात आजवर जो कोणी पकडला गेला तो ‘फक्त मध्ये’च होता, दोन्ही टोकांचा माणूस कधी सापडत नाही. दुतोंडी साप नव्हे, धंदा आहे. मेहुण्यांनी विचारलं, “याना पैसा पडतस तर तुम्ही फटफटी हप्तावर का लिन्ही?” त्यावर ते दोघे पाणी न पिता गेले. साप त्यांच्यासोबत गेला याची मेहुण्यांना अजून रुखरुख आहे, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर तेव्हाच फोन का केला नाही, याची मला.

आता परदेशी मालाकडे वळतो.

चिरंजीवांचा पहिला युक्तिवाद अमेरिकेचा होता. माझा पुतण्या फ्लोरिडात असतो. तिथे म्हणे शेजारीपाजारी लोक अजगर पाळतात, राज्याराज्याचा कायदा वेगळा. मी पुतण्याला विचारलं. त्याने सांगितलं, पाळत होते खरे. मग काही सुटले, काही लोकांनी सोडून दिले आणि आपल्या ईशान्येकडेही सापडणारा बर्मी अजगर तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत इतका माजला की हरणं, रॅकून दिसेनासे झाले. आता तिथे तो पाळायला बंदी आहे आणि दरवर्षी अजगर मारण्याची स्पर्धा भरते, बक्षिसं लागतात. हिरवा इग्वानाही तिथल्या बंदीच्या यादीत गेला आहे. थंडीची लाट आली की हे इग्वाना गारठून झाडांवरून पिकल्या आंब्यासारखे खाली पडतात, आणि हवामान खात्यातर्फे तशी सूचनाही निघते: आज इग्वाना पडण्याची शक्यता. हवाई नावाच्या राज्यात तर पाळीव सापाला जागाच नाही. सापडला तर दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

बर्मी अजगर एकच, इकडे पहिल्या अनुसूचीत आणि तिकडे डोक्यावर इनाम. पण हसण्याआधी आपलं घरही पाहावं. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशांवर इनाम लावलं, तेव्हा डिसेंबरातल्या आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मोजून सरकारजमा झाली. ती मोजणाऱ्या कारकुनाबद्दल मला फार वाटतं. एवढी आवक मी तीस वर्षांत पाहिली नाही.

राज्याराज्याचा कायदा आपल्याकडेही एकेकाळी होता. मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणासाठी १९५१ साली स्वतःचा कायदा केला, आणि खानदेश तेव्हा त्यात होता. पुढे १९७२ चा देशाचा कायदा आला, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्यप्राणी हा विषय राज्यांच्या यादीतून उचलून समवर्ती सूचीत ठेवला. याचा व्यवहारातला अर्थ कळायला नवापूरला जावं. नवापूर आता नंदुरबार जिल्ह्यात. १९९८ पर्यंत आमच्या धुळ्यात होतं. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, आणि फलाटावर एक बाकडं आहे ज्यावर राज्यांची सीमा बरोबर मधोमध येते. दारूची बाटली बाकड्याच्या एका टोकाला चालते, दुसऱ्या टोकाला गुन्हा. अमेरिकेसारखे कायदे असते तर या बाकड्यावर निजलेल्या अजगराचं तोंड कायदेशीर आणि शेपूट बेकायदा ठरलं असतं, आणि मांडुळाच्या बाबतीत तर दोन्ही राज्यांच्या पोलिसांनी आपलंच टोक तोंडाचं म्हणून भांडण काढलं असतं. आपल्याकडे तो त्रास नाही. साप बाकड्याच्या दोन्ही टोकांना सारखाच बेकायदा.

परदेशी प्राण्यांबाबत मात्र आपला कायदा बरीच वर्षं मुका होता. १९७२ च्या यादीत आपले प्राणी. इग्वाना, बॉल पायथन, मकाव यांचं नावगाव नाही. सीमाशुल्कवाल्यांनी विमानतळावर पकडलं तर पकडलं, एकदा प्राणी बाहेर पडून कारमध्ये बसला की पुढे विचारणारा कोणी नाही. मग जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक सूचना काढली. परदेशी जिवंत प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी सहा महिन्यांच्या आत स्वतःहून सांगावं. कुठून आणला याचा कागद मागणार नाही. मला १९९७ ची ऐच्छिक उत्पन्न घोषणा योजना आठवली. तेव्हा काळा पैसा पांढरा झाला, आता हिरवा सरडा पांढरा. देशभरातून हजारोंनी घोषणा झाल्या. ज्या देशात माणूस जनगणनेला आला की लोक आतली खोली दाखवत नाहीत, त्या देशात लोकांनी स्वतःहून अजगर दाखवले.

चिरंजीव तेव्हा कॉलेजात होते म्हणून ही संधी हुकली.

पुढची पायरी २०२२ ची. संसदेने कायदा दुरुस्त केला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. (तारीख पाहून मीही एकदा खात्री करून घेतली.) आधी सहा अनुसूच्या होत्या, त्यांच्या चार केल्या. त्यातली चौथी खास या परदेशी मंडळींसाठी. ‘सायटीस’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७३ साली वॉशिंग्टनला झालेला. भारत त्यात १९७६ पासून आहे. कोणता प्राणी किती धोक्यात आणि त्याच्या व्यापारावर किती निर्बंध, याची त्यात परिशिष्टं आहेत. त्या परिशिष्टांतले प्राणी आपल्या चौथ्या अनुसूचीत आले. इग्वाना दुसऱ्या परिशिष्टात, बॉल पायथनही दुसऱ्या. आपलं चांदणी कासव २०१९ पासून पहिल्या परिशिष्टात. तेव्हा वास्तुदोषासाठी ज्यांनी घरात चांदणी कासव ठेवलं आहे त्यांच्या वास्तूत दोष नेमका कुठे आहे ते आता त्यांना कळलं असेल.

जुन्या कायद्यात कावळा, उंदीर वगैरे उपद्रवी प्राण्यांची एक पाचवी अनुसूची होती, ती या दुरुस्तीत गेली. मेहुण्यांच्या मळ्यातल्या उंदरांना ही बातमी अजून कुणी सांगितलेली नाही, तरी त्यांचं वागणं पूर्वीपासूनच तसं आहे.

शेवटची पायरी २८ फेब्रुवारी २०२४ ची. चौथ्या अनुसूचीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांनी सहा महिन्यांत, नवा आला तर तीस दिवसांत, केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर जाऊन कळवायचं. प्राण्याला पिल्लं झाली, कळवा. मेला, कळवा. दुसऱ्याला दिला, कळवा. आमच्या कॉलनीत तळमजल्यावर चार वर्षांत सहा भाडेकरू येऊन गेले, त्यांची नोंद कुठे नाही. एकाचं नाव तर आम्हाला वीजबिलावरून कळलं.

‘परिवेश’ उघडून बसलो तेव्हा माझ्या अंगात जुनं बळ आलं. मी चिरंजीवांना म्हटलं, बघ, म्हण आहे सरड्याची धाव कुंपणापर्यंत. आता ती संकेतस्थळापर्यंत गेली. चिरंजीव हसले नाहीत. त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं की अर्जाच्या आधीचा कागद आपल्याकडे नाही. प्राणी कायदेशीर मार्गाने देशात आला, किंवा कायदेशीर नोंद असलेल्या प्राण्याच्या पोटी इथे जन्मला, हे आधी दिसायला हवं.

आयातीचा सरळ रस्ता मी त्यांना कागदावर काढून दिला. परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना. निर्यात करणाऱ्या देशाचं सायटीसचं परवानापत्र. मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणीच आहे असं प्राणी विलगीकरण केंद्र, आणि त्याच्या मागे १८९८ चा पशुधन आयात कायदा. म्हणजे लोकमान्यांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला होऊन एकच वर्ष झालं होतं तेव्हाचा. आणि या सगळ्याच्या आधी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना हरकत पत्र. हे साहेब बसतात नागपूरला. सापाच्या परवानगीसाठी नागपूरलाच जावं लागतं, यात मला औचित्य वाटलं. चिरंजीवांना फक्त अंतर दिसलं.

मग त्यांनी विक्रेत्याला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. मोठ्या शहरातला गोड आवाज. “सर, विथ पेपर की विदाऊट पेपर?” जुनी मोटरसायकल विकताना विचारतात तसंच. विदाऊट पेपरची किंमत विथ पेपरच्या निम्मी. मी मध्ये तोंड घातलं, “पेपर म्हणजे नेमके कोणते?” पलीकडून क्षणभर शांतता, मग, “अंकल, आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा, बाकी आम्ही करून देतो.” इग्वानाला माझं आधार कार्ड लागणार होतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, त्यात दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. तुमचा नोंदणी क्रमांक सांगा म्हटल्यावर लाइन कट झाली. तेव्हापासून तो नंबर ‘अस्तित्वात नाही’.

हे विनाकागदाचे प्राणी येतात कसे, तेही चिरंजीवांना दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाला बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एकाकडे तर चक्क विषारी साप. इंडोनेशियातले चापडा जातीचे चाळीसहून अधिक, आणि ज्यांच्या शेपटीच्या टोकाला कोळ्यासारखा आकार असतो ते इराणकडचे तीन. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस बनते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर. त्या पाहुण्यांपैकी एखादा चावला असता तर डॉक्टरने लसीच्या बाटलीकडे आणि रोग्याने डॉक्टरकडे नुसतं बघत बसायचं. मी कधीमधी बँकॉक सहलीहून आलेल्या शेजाऱ्यांकडून खाऊचा पुडा घेत असे. आता आधी कानाशी धरून हलवतो.

बॉल पायथनचं नाव निघालं तेव्हा चिरंजीव थोडे खुलले होते. इग्वाना नाही तर बॉल पायथन घेऊ; आकाराने लहान, स्वभावाने शांत, आठवड्याला एकच जेवण. जेवणात काय? उंदीर. जिवंत नको असेल तर गोठवलेले मिळतात, फ्रिजरमध्ये ठेवायचे, जेवणाआधी कोमट पाण्यात सोडायचे. ही शेवटची माहिती त्यांनी आवाज खाली आणून दिली, पण ज्या गोष्टी ऐकू नयेत त्या आईला बरोबर ऐकू येतात. आई माळकरी. आमच्या फ्रिजमध्ये अंड्याला प्रवेश नाही. एकदा तिच्या सुनेने केकमध्ये अंडं आहे का हे न विचारता केक आत ठेवला तर आईने फ्रिज बंद करून, धुऊन, उन्हात दार उघडं ठेवून दोन दिवस वाळवला होता. त्या फ्रिजरमध्ये उंदीर. आई काही बोलली नाही. तिने पंढरपूरची पिशवी काढून त्यात दोन लुगडी भरली आणि पायरीवर जाऊन बसली. बॉल पायथनचा विषय तिथे संपला. केंद्र सरकारला ज्या कामासाठी पन्नास वर्षं आणि चार अनुसूच्या लागल्या ते आईने दोन लुगड्यांत केलं.

आमच्या शेजारच्या नानांकडे मात्र परदेशी सरपटणारा पाहुणा आधीपासून आहे. कासव. शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलं तेव्हा दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं होतं, डोळ्यामागे लाल पट्टा, फार गोजिरं. त्याचं नाव लक्ष्मी. हे मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. वीस-तीस वर्षं आरामात जगतं आणि ताटाएवढं होतं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. लक्ष्मी आता टबात मावत नाही, टबातून बाहेर काढणाऱ्याला चावते आणि तिच्या पाण्याचा वास जिन्यापर्यंत येतो. ज्या अमेरिकेतून ती आली तिथे चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलं ते तोंडात घालायची आणि त्यांना साल्मोनेलाची हागवण लागायची. युरोपने १९९७ मध्ये या लाल पट्टेवाल्याची आयातच थांबवली. परवा नाना मला म्हणाले, “रविवारी मेहरूण तलावात सोडून देतो. पुण्याचं काम.” मी त्यांना फ्लोरिडाच्या अजगरांची गोष्ट सांगितली. मेहरूणमध्ये आपली कासवं आहेत, त्यांच्या पुढचं ताट हे ओढून घेईल. नाना विचारात पडले आणि म्हणाले, “मग तुमची ती काचेची पेटी रिकामीच आहे ना?”

नाही म्हणायला मला आयुष्यात इतका कमी वेळ कधी लागला नव्हता.

श्रावणात नागपंचमी आली. आईने पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या आणि दूध ठेवलं, आणि त्या दिवशी घरात सुरी-विळी बंद. पुढच्या रविवारी आमच्या खानदेशातला कानबाईचा सण, म्हणून आम्ही सगळे धुळ्याला मेहुण्यांकडे गेलो. रोट, खीर, रात्रभर गाणी. सकाळी चिरंजीव कुठे दिसेनात. शोधत गेलो तर विहिरीमागच्या बांधावर पालथे पडलेले, मोबाइल बाजूला. समोर दहा-बारा हातांवर घोरपड. ऊन खात होती. दिवा नाही, जाळी नाही. मधूनच दुभंगलेली जीभ बाहेर काढायची, हवा चाखायची आणि पुन्हा निवांत. अर्धा तास ते दोघे एकमेकांकडे पाहत होते. मी खोकलो आणि ती सळसळत बांधाच्या बिळात गेली. चिरंजीव माझ्यावर इतके चिडले की परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत बोलले नाहीत. आता ते महिन्यातून एका रविवारी मामाकडे जातात. मामाला वाटतं, भाच्याला शेतीची गोडी लागली. मी खरं सांगितलेलं नाही.

पेटीत सध्या आई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, ठेवते. सरकती काच असल्यामुळे मुंग्या लागत नाहीत आणि बिबडे दिसतातही छान. पाहुणे आले की विचारतात, कुठून आणली. तरी जागा अडते. तेव्हा कळवतो की, दोन फुटी काचेची पेटी, वर जाळी, एकदाही सरडा न शिरलेली, विकणे आहे. पावती पाहायला मिळेल. उबेचा दिवा सोबत मोफत, फक्त तो घ्यायला कृपा करून मे महिन्यात यावं. म्हणजे आम्हाला तो का नको आहे ते समजावून सांगत बसावं लागणार नाही.